अंगठ्याचा ब्रेक
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात मोटारसायकलच्या शर्यतींवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आणि ज्यांची मुले नुकतीच अठरा वर्षांची झाली आहेत, त्या पालकांच्या तर पोटात गोळाच येईल. तरीही विषय मी बदललेला नाही, कारण ज्याच्याविषयी बोलायचे आहे त्याच्या कारकिर्दीत वेगापेक्षा धीराचा वाटा मोठा आहे.

मिक डूहान हा ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचा. जन्म १९६५ सालचा. त्या काळच्या सर्वोच्च अशा ५०० सीसी गटात तो १९८९ साली होंडाकडून उतरला. १९९२ च्या मोसमात पहिल्या ७ शर्यतींपैकी ५ त्याने जिंकल्या आणि विश्वविजेतेपद जवळजवळ हाती आले. जूनमध्ये हॉलंडमधील आसेन येथे सरावात तो पडला व त्याचा उजवा पाय मोडला. खरे संकट पुढेच होते. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन पाय कापावा लागण्याची वेळ आली. तेव्हा इटलीचे डॉ. क्लाउडिओ कोस्टा यांनी त्याला विमानाने आपल्याकडे नेले आणि जखमी पायाला रक्त मिळावे म्हणून त्याचे दोन्ही पाय चक्क एकमेकांना शिवून ठेवले. पाय वाचला.

आठ आठवड्यांनी, धड चालता येत नसताना, तो ब्राझीलमध्ये पुन्हा शर्यतीस उभा राहिला. ते शहाणपणाचे होते असे मी म्हणणार नाही. विजेतेपद अमेरिकेच्या वेन रेनीने अवघ्या ४ गुणांनी नेले.

मला कौतुक वाटते ते त्यानंतरच्या वर्षाचे. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पावलाने दाबतात. डूहानच्या घोट्यात आता ती हालचाल उरली नव्हती; त्यातून उजव्या वळणावर गाडी जमिनीकडे कलली, की पावलाला जागाच राहत नसे. मग डाव्या मुठीपाशी एक छोटी दांडी बसवण्यात आली आणि पावलाचे काम अंगठ्याकडे आले. आयुष्यभराची पावलाची सवय अंगठ्याला शिकवायची, आणि तीही शर्यतीच्या वेगात! (हे सारे बंदिस्त ट्रॅकवर, चामडी पोशाखात, डॉक्टरांचे पथक हाकेच्या अंतरावर असताना चालते. आपल्या गावच्या रस्त्यावर यातले काहीच नसते, हे समोर बसलेल्या तरुण मंडळींसाठी.)

१९९३ साली त्याला एकच शर्यत जिंकता आली. १९९४ ते १९९८ मात्र सलग पाच विश्वविजेतेपदे. १९९७ मध्ये तर १५ पैकी १२ शर्यती त्याच्या. १९९९ साली स्पेनमधील हेरेझ येथे तो पुन्हा जबर जखमी झाला आणि त्याने निवृत्ती पत्करली. तोवर ५०० सीसी गटात त्याचे ५४ विजय झाले होते.

तो अंगठ्याचा ब्रेक मात्र निवृत्त झाला नाही. दोन्ही पाय धडधाकट असलेले मोटोजीपीतील कित्येक स्वार आज तो आवडीने वापरतात.