तपासणी आधी, की तक्रार आधी?

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा सावरून लिहिला आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. अडतीस वर्षं बँकेत काढली. माझ्याकडून औषधपाण्याचा सल्ला घेणं म्हणजे कंपाउंडरकडे गृहकर्ज मागण्यासारखं आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीत ‘फुल बॉडी चेकअप’ शिबिर घ्यावं, अशी सूचना कमिटीपुढे आली आहे. सूचना चांगल्या मनाने आली आहे, तिला माझा विरोध नाही. पण त्या आधी माझ्या घरातली एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. ती सांगायला सौ.ची परवानगी घेतली आहे. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझं काही चुकलं तर तिथूनच दुरुस्त करील, तशी सवय आहे तिला.

आधी यंत्रांचं कौतुक करू, कारण ते खरंच करण्यासारखं आहे.

आपल्या लहानपणचे डॉक्टर आठवा. नाडी बघायची, जीभ बघायची, ‘आ कर’ म्हणायचं, पाठीला स्टेथोस्कोप लावायचा. मग कंपाउंडर लाल मिक्स्चर द्यायचा आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. आत काय चाललंय ते दिसायची सोय नव्हती. गावात एक्स-रे मशीन असणं हीच मोठी गोष्ट.

तो एक्स-रे सापडला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत वुर्झबर्गला. राँटजेनसाहेबांनी आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र काढलं. त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठी दिसली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं, पण या शोधाचं पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही. व्याजावर जगलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचं फार आश्चर्य वाटतं.

पण एक्स-रे म्हणजे सावली. लेजरची सगळी पानं एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरली, तर कुठला आकडा कुठल्या पानावरचा ते कळणार नाही, तसं. सी. टी. स्कॅनने पानं वेगळी केली. त्याचं यंत्र बनवणारे हाउन्सफील्ड हे इंजिनिअर, आणि नोकरी ईएमआय कंपनीत. ग्रामोफोनसमोर कुत्रा बसलेल्या आपल्या एचएमव्हीच्या तबकड्या आठवतात ना, ते नाव याच ईएमआयचं! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका बाईंच्या मेंदूचा पहिला स्कॅन निघाला. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

आज एखाद्याचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर हाच स्कॅन काही मिनिटांत सांगतो की मेंदूत रक्तस्राव झालाय का. झाला नसेल आणि गुठळी असेल, तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं. मात्र साधारण साडेचार तासांच्या आत. म्हणून असं काही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. छातीत दडपण आलं, घाम फुटला, तरी तेच.

एम. आर. आय. मध्ये एक्स-रे नसतात, मोठं लोहचुंबक असतं. त्यामुळे पेसमेकर बसवलेला असेल तर आधी सांगावं लागतं. क्षयरोगाचं घ्या. पूर्वी थुंकीतले जंतू वाढवून बघायला कित्येक आठवडे जायचे. आता जंतूची जनुकं ओळखणारी तपासणी दोनेक तासांत होते, आणि नेहमीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही कळतं. ‘ट्रूनॅट’ नावाचं असं एक यंत्र आपल्या शेजारी गोव्यात बनतं. ते बॅटरीवर चालतं, म्हणजे वीज गेलेल्या खेड्यातल्या दवाखान्यातही उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली.

आणि सोनोग्राफी. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला हे तंत्र वापरत. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड या डॉक्टरांनी ते पोटावर वापरून पाहिलं आणि १९५८ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. गर्भातल्या बाळाचं बघायला याच्याइतकं सोयीचं साधन नाही. पण आपण त्याला काय विचारलं? मुलगा की मुलगी! शेवटी १९८८ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला, देशात पहिल्यांदा. १९९४ साली केंद्राचा आला. सोनोग्राफी सेंटरमध्ये जी पाटी असते, ती त्यामुळे. यंत्र तेच, चांगलं. प्रश्न वाईट. मला आज जे सांगायचंय ते इथेच सुरू होतं. यंत्र फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं.

आता घरची गोष्ट.

२०१६ साल. मला निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. साठ-पासष्ट तपासण्यांचं एक पॅकेज होतं, जोडप्याला सवलत. सवलत म्हटल्यावर बँकवाला थांबतो का? दोघांनी जाऊन रक्त दिलं, ईसीजी काढला, छातीचा एक्स-रे काढला. सौ.चा रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. माझ्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक ठिपका.

मग सी. टी. स्कॅन. रिपोर्टमध्ये मिलिमीटरमधलं माप, बरीच इंग्रजी, आणि शेवटी एक ओळ, ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’. घाबरलेल्या माणसाला ही ओळ दिसतच नाही. मला दिसली ती फक्त ‘नोड्यूल’ ही अक्षरं. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, असं ठरलं. ते तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. मी मृत्युपत्र केलं. मुदतठेवींवरची नॉमिनेशनं तपासली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसायचो.

तीन महिन्यांनी छातीच्या एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवी फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, “जुना एक्स-रे आहे का तुमच्याकडे?” १९७४ साली बँकेत लागताना मेडिकलला काढलेला एक्स-रे मी जपून ठेवला होता. मी काहीच टाकत नाही, त्यावरून घरात बोलणी खातो. माळ्यावरच्या ट्रंकेतून तो काढला. फिल्म पिवळी पडलेली, पण ठिपका त्याच जागी, तेवढाच. बेचाळीस वर्षांत तसूभर वाढलेला नाही! मग डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी घरात कुणाला क्षय होता का? होता, आत्याला. ती आमच्याकडेच असायची. म्हणजे तो ठिपका जुन्या, बऱ्या झालेल्या जखमेचा वण. तेव्हा मला त्या ओळीचा अर्थ कळला. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे, बाबांनो, माणसालाही विचारून बघा.

मी पेढे आणले. आणि त्याच आठवड्यात माहेरी आलेल्या लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाबा, आईला रक्तस्राव होतोय.”

सौ.ची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. तीन महिने अधूनमधून डाग दिसत होते. मला बोलली नाही, कुणालाच नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, “तुमचं एवढं चाललेलं, त्यात माझं कुठे काढू? आणि माझा रिपोर्ट नॉर्मल होता ना.”

मंडळी, तो रिपोर्ट खोटा नव्हता. त्यातला एकेक आकडा बरोबर होता. पण त्या साठ-पासष्ट तपासण्यांत तिच्या गर्भाशयाबद्दल एकही प्रश्न विचारलेला नव्हता. मग सोनोग्राफी झाली, अस्तर जाड दिसलं, तुकडा काढून तपासायला दिला. कर्करोग निघाला. सुदैवाने सुरुवातीचा. गर्भाशय काढलं. आज नऊ वर्षं झाली, ती तुमच्यासमोर बसली आहे. आणखी सहा महिने ती गप्प राहिली असती तर? हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

(इथे सौ.ने बसल्या जागेवरून दुरुस्ती केली, “तीन नाही, चार महिने.” ती नोंद छापील मजकुरात ठेवली आहे.)

सगळं निवल्यावर मी वहीपेन घेऊन बसलो. रिपोर्टवर ‘नॉर्मल रेंज’ असते, ती ठरते कशी? साधारणपणे शंभर निरोगी माणसांपैकी पंच्याण्णव ज्या आकड्यांत बसतात, ती. म्हणजे उरलेली पाच माणसं निरोगी असूनही बाहेर! आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या ठणठणीत माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट. ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणजे चोरी झाली असं नसतं. बहुतेक वेळा कुणीतरी ६३ चे ३६ लिहिलेले असतात. आपण आधी व्हाउचर बघायचो, लगेच पोलिसांना बोलवत नव्हतो.

दक्षिण कोरियात काय झालं बघा. तिथे तपासणीला आलेल्या लोकांना थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही करून मिळू लागली. २०११ सालापर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाची निदानं १९९३ च्या पंधरापट झाली. पण त्या रोगाने होणारे मृत्यू? होते तेवढेच. म्हणजे जे गप्प पडून राहिले असते असे बारीक बारीक कर्करोग शोधले गेले, आणि बहुतेकांनी त्यापायी गळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पुढे कित्येकांना जन्मभर गोळ्या.

उलट उदाहरण आपल्या मुंबईतलं. टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी, गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावून. मिनिटभरात पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. करणाऱ्या कोण? प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका, डॉक्टर नव्हेत. २०१३ साली निष्कर्ष आले: त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. ना मोठं यंत्र, ना वीज. योग्य प्रश्न, योग्य बाईला, योग्य वेळी.

मग चेकअप करायचंच नाही का? अहो, करायचं! रक्तदाब आणि साखर वाढलेली असली तरी बरेचदा काहीच बोलत नाहीत, त्यांना आपणच विचारावं लागतं. ‘तीन महिन्यांची शुगर’ ही माझी आवडती तपासणी. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या दिवसाचा बॅलन्स. आदल्या दिवशी गुलाबजाम सोडले की चांगला दिसतो. तीन महिन्यांची म्हणजे सरासरी बॅलन्स. तिथे लबाडी चालत नाही.

तेव्हा कमिटीला माझी सूचना अशी. पॅकेज नको. शिबिर घ्या, पण आधी डॉक्टर आणि मग यंत्र. एक फिजिशियन बसवा, जे प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलतील. रक्तदाब, वजन, साखर आणि डोळे तपासा. स्त्रियांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ बाई बोलवा, ऑफिसची खोली त्यांना द्या, आणि दाराबाहेर पुरुषांची खुर्ची ठेवू नका. पुढच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्याच.

दुसरं, घरोघरी प्रत्येक माणसाची एक फाइल करा. जुने रिपोर्ट, फिल्म, चालू गोळ्यांची नावं, तारखेनुसार. पासबुक जपता ना, तसं.

आणि तिसरं, हे विशेषतः भगिनींसाठी आणि त्यांच्या नवऱ्यांसाठी. वहिनी, ताई, काकू, अंगावर काढू नका. पाळी गेल्यानंतर एक डाग दिसला तरी सांगा. छातीत गाठ लागली, सांगा. लाज वाटली तर मुलीला सांगा, सुनेला सांगा, आमच्या सौ.ला सांगा, बी विंग, दुसरा मजला, दुपारी चारनंतर घरीच असते. आणि पुरुषमंडळी, आपल्या ठिपक्यात एवढे बुडून जाऊ नका की शेजारी बसलेलं माणूस दिसेनासं होईल. मी बुडालो होतो. रोज समोर बसून जेवत होतो आणि एकदाही विचारलं नाही, तुझं कसं आहे?

आज घरी गेल्यावर तेवढं विचारा. या तपासणीला पैसे पडत नाहीत.

वेळेपेक्षा जास्त बोललो.  पंचवीस वर्षं या आवारात एकत्र काढली, पुढचीही धडधाकट काढू. जय हिंद, जय महाराष्ट्र.