आकाश आणि भूमी यांचा मेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी छायाचित्र-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



येथील निसर्गचित्रे पाहताना अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला : 'हे खरे, की बनविलेले?' आज त्याच प्रश्नाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

डोळा आणि कॅमेरा यांत एक मूलभूत अंतर आहे. डोंगरकड्याकडे पाहताना आपली दृष्टी दरीतील सावलीपासून वरच्या ढगांपर्यंत फिरते आणि ठिकठिकाणी प्रकाशाशी जुळवून घेते. कॅमेऱ्याला ही सवड नसते. साऱ्या दृश्यासाठी त्याला प्रकाशाचे एकच माप धरावे लागते. भूमी साधली तर आकाश पांढरेफटक, आणि आकाश साधले तर भूमी काळीठिक्कर!

ही अडचण जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या प्लेटी निळ्या प्रकाशाला विशेष संवेदनशील असत, त्यामुळे आकाशातील ढग हटकून नाहीसे होत. ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यावर तोड काढली. १८५७ साली सेत येथे टिपलेल्या लाटेच्या प्रसिद्ध चित्रात त्याने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून छापल्या. पुढे अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरील चंद्रोदय टिपला. तेथे निगेटिव्ह एकच होती. परंतु नंतरच्या वर्षांत छापताना तो आकाश अधिकाधिक गडद करीत गेला. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि छापलेले चित्र ही मैफल, अशी त्याची धारणा होती.

आज डार्करूमचे काम संगणक करतो, तत्त्व मात्र तेच आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवावा. छिद्र आणि फोकस बदलू नये. बदलावा तो केवळ शटरचा वेग. एक चित्र १/६० सेकंदाचे घेतले, तर ढगांसाठी १/२५० आणि सावलीसाठी १/१५ सेकंदाचे घ्यावे. म्हणजे एकात सुमारे चौपट कमी व दुसऱ्यात चौपट अधिक प्रकाश मिळतो. मग तिन्हींतील उत्तम भाग एकत्र करावेत. वाऱ्याने हललेली पाने आणि लाटा या जोडणीत जुळत नाहीत. तेथे एकाच चित्राचा भाग ठेवणे इष्ट. मेळ अति झाला की कड्याच्या कडेला उजळ वलय उमटते आणि सावल्या निस्तेज होतात. सावली हीसुद्धा दृश्याचा अलंकार आहे, हे विसरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जे तेथे होते, परंतु कॅमेऱ्याला एका दमात पेलले नाही, ते मिळवून देणे याला मी लबाडी म्हणणार नाही. जे नव्हतेच ते आणणे, किंवा होते ते पुसून टाकणे, ही गोष्ट निराळी. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकविण्यात आले, आणि मोठा वाद झाला. तो वाद सौंदर्याचा नव्हता, विश्वासाचा होता.

आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्यांना हा विश्वास अधिक मोलाचा आहे. आपल्या कित्येक मुलांना आजोळ प्रथम छायाचित्रातूनच भेटते. नदीवरच्या विजेच्या तारा, देवळामागचा मोबाइलचा मनोरा, आटलेले पात्र हे सारे आपण पुसले आणि वर दुसऱ्याच गावचे ढग आणून बसविले, तर ते मूल तेथे जाईल तेव्हा त्याला स्वतःचेच गाव परके वाटेल. एवढी किंमत देऊन मिळविलेले सौंदर्य आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून एक विनंती करतो. चित्र अवश्य सुधारा, आकाश आणि भूमी यांचा मेळ घाला. पण चित्राच्या मागे स्थळ, तारीख आणि केलेला फेरफार एका ओळीत लिहून ठेवा. उद्या आपली मुले तो कागद उलटून पाहतील, तेव्हा त्यांना गावाची शोभाही कळेल आणि गावाचे सत्यही.