इच्छेचे शब्द आणि ओढीचे शब्द
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा आरंभ होतो. त्यामुळे खेड्यातील शिक्षकाला रोज एका भाषेतील शब्दासमोर दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवावा लागतो. झाड, गाय, घर या शब्दांत अडचण येत नाही, कारण वस्तू दाखविता येते. मनातील भाव मात्र दाखविता येत नाही. मग 'वॉन्ट म्हणजे इच्छा, विश म्हणजे इच्छा, लाँगिंग म्हणजेही इच्छा' असे फळ्यावर लिहिले जाते आणि निरनिराळे भाव एकाच खुंटीला टांगले जातात.

'वॉन्ट' या शब्दाचा मूळ अर्थ उणीव असा आहे. जे जवळ नाही आणि जे हवे आहे, त्यासाठी तो वापरतात. मराठीत त्याचे काम 'पाहिजे' किंवा 'हवे' हे शब्द करतात. पाटी हवी, पाणी हवे, एवढाच त्याचा व्यवहार. 'डिझायर' हा शब्द भारदस्त आहे. त्यात अभिलाषा येते आणि प्रसंगी वासनाही येते. म्हणून पेन्सिलीसाठी 'डिझायर' वापरणे हास्यास्पद ठरते. 'विश' बहुधा सहजासहजी न घडणाऱ्या गोष्टीकडे वळतो. 'मला पंख असते तर!' हे वाक्य त्याच जातीचे. येथे मराठी क्रियापद जसे 'आहेत' सोडून 'असते' होते, तसेच इंग्रजी क्रियापदही भूतकाळाचे रूप घेते. हे साम्य दाखविले म्हणजे मुलांना व्याकरणाचे भय उरत नाही.

'लाँगिंग' या शब्दाचे नाते लांबीशी आहे. जे दूर आहे, स्थळाने वा काळाने, त्यासाठी मन लांबवर जाते. 'यर्निंग' त्याहून हळवा. त्यात व्याकुळता असते. आषाढात वारकऱ्याला पंढरीची जी आस लागते, तिला 'वॉन्ट' म्हणता येणार नाही.

मराठीचे वैभव येथे शब्दांत आहे, तसेच क्रियापदांतही आहे. इच्छा होते, ओढ लागते, हाव सुटते, आकांक्षा बाळगतात, ध्यास घेतात, डोहाळे लागतात. ध्यास माणूस घेतो; ओढ मात्र तो घेत नाही, ती त्याला लागते. 'मला गावाची ओढ लागली' असे मराठी माणूस म्हणतो. इंग्रजीत हेच वाक्य 'मी'पासून सुरू होते आणि माणूसच कर्ता ठरतो. हा फरक न सांगता शब्द पाठ करून घेतले, तर मुलाचे इंग्रजी वाक्य मराठीच्याच साच्यात अडकते. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशासारखा थोर ग्रंथही शब्दांची रांग देऊ शकतो. कोणता शब्द कोणत्या प्रसंगी शोभेल, हे शिक्षकालाच सांगावे लागते.

नवी मुंबईचे उदाहरण घ्यावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. खाडीकाठची भातशेती आणि मिठागरे यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. आंदोलनात पुढे आली ती 'मागणी' होती. मागणी हक्काची असते. ती मोजता येते आणि कागदावर मांडता येते.

परंतु पनवेल वा उरण तालुक्यातील एखाद्या आगरी घरातील आजी, पावसाची पहिली सर आली की बुजविलेल्या शेताच्या दिशेने पाहत बसते. तिच्या मनात त्या वेळी मागणी नसते. तेथे ओढ असते. नातवाने वहीत 'माय ग्रँडमदर वॉन्ट्स हर फील्ड' असे लिहिले, तर आजी जमीन परत मागत आहे असा अर्थ होईल. 'लाँग्ज फॉर' असे लिहिले, तरच आजीचे मन वाचणाऱ्याला कळेल. एका शब्दाने आजीचे दुःख अर्जात जमा होते. दुसऱ्या शब्दाने ते दुःखच राहते. दोन्ही खरे आहे, पण दोन्ही एक नव्हे.

त्याच वर्गात साताऱ्याकडून वाशीच्या बाजारात आलेल्या माथाडी कामगाराचाही मुलगा असू शकतो. सुट्टी जवळ आली की त्यालाही गावाची ओढ लागते. त्याचा शब्द त्याला मिळाला पाहिजे.

यासाठी एक सोपा पाठ घेता येईल. मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, 'तुम्हाला कशाची आठवण येते?' ऐकलेले उत्तर प्रथम घरच्या बोलीत सांगावे, मग प्रमाण मराठीत लिहावे आणि शेवटी त्याला इंग्रजी शब्द शोधावा. बोलीला हसू नये. भावाचा नेमका शब्द पुष्कळदा तेथेच सापडतो.

मुलाला परकी भाषा यावी हे इष्टच आहे. पण ती शिकताना त्याच्या घरातील दुःखाचे नाव पुसले जाऊ नये, एवढी दक्षता शिक्षकाने अवश्य बाळगावी.