राजुऱ्यास मोठें विमान येईल काय?

बल्लारपुराहून वर्धा नदी ओलांडली म्हणजे राजुरा तालुका लागतो. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. पुढें तो नांदेडास जोडला गेला, आणि १९५९ सालीं चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यांत आला. जमिनीच्या पोटांत कोळसा व चुनखडी, वर सागाचें जंगल व कापसाचीं शेतें, आणि शेजारीं गडचांदुराकडे सिमेंटचे कारखाने, असा हा प्रदेश आहे. याच तालुक्यांत मूर्ती व विहीरगांव या गांवांच्या परिसरांत नवा विमानतळ बांधण्याची योजना कांहीं वर्षांपूर्वीं पुढें आली. चंद्रपुराजवळ मोरवा येथें जी जुनी धावपट्टी आहे ती आंखूड, आणि त्या बाजूसच औष्णिक विद्युत् केंद्राचीं उंच धुराडीं. तेव्हां दुसरी जागा शोधणें ओघानेंच आलें.

विमानतळाची गोष्ट निघाली कीं आपल्याकडे बोलणें फार लवकर आकाशांत चढतें. आज लहान विमान येईल, उद्यां मोठें येईल, परवां परदेशांतून थेट येईल. तर मग धावपट्टी आतांच लांबरुंद कां करूं नये, असें पुष्कळ सुबुद्ध लोकहि विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्याचाच थोडा शांतपणें विचार करूं.

मोठें विमान म्हणजे केवढें, हें प्रथम पाहूं. प्रवासी विमानांत सर्वांत थोर तें एअरबस ए-३८०. त्याला दोन मजले, पंखांचा विस्तार सुमारें ऐंशी मीटर, आणि उड्डाणाच्या वेळचें वजन जास्तींत जास्त ५७५ टन. साधारणपणें पांचशें माणसें त्यांत बसतात, म्हणजे एस. टी.च्या दहाबारा गाड्या भरतील एवढीं. राजुरा गांवाची वस्ती २०११ च्या जनगणनेंत तीस हजारांच्या आसपास होती. असें एक विमान रोज भरून जाऊं लागलें, तर दोन महिन्यांत गांवांत कुत्रेंमांजरेंच काय तीं उरतील!

हें विमान प्रवाशांच्या सेवेंत आलें २००७ सालीं. हिंदुस्थान सरकारनें २०१४ मध्यें तें उतरविण्याची मुभा दिली ती दिल्ली, मुंबई, हैदराबाद व बंगळूर या चारच ठिकाणीं. त्यांत पुणें नव्हतें, नागपूरहि नव्हतें. आणि याहून बोलका वृत्तांत असा कीं, एकंदर २५१ विमानें तयार करून कारखान्यानें २०२१ सालीं हें कामच आटोपतें घेतलें. लंडन, दुबई, सिंगापूर यांसारख्या महानगरांमधून धांवणाऱ्या कंपन्यांनाहि एकाच वेळीं, एकाच दिशेनें जाणारीं पांचशें माणसें रोज मिळविणें जड जाऊं लागलें. दोन इंजिनांचीं, तीनशें माणसांचीं विमानें तितकाच लांबचा पल्ला कमी खर्चांत गांठूं लागलीं होतीं.

आतां कोणी म्हणेल, धावपट्टी असेल तर विमान येईल. याला उत्तर म्हणून नागपुराकडे बोट दाखवितां येतें. नागपुराची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे. मिहानमधील दुरुस्तीच्या कार्यशाळेंत बोइंग ७७७ सारखीं अवाढव्य विमानें येतात, म्हणजे जमीन त्यांचा भार सोसते यांत शंका नाहीं. परंतु तेथून रोज उतारू घेऊन जाणारीं विमानें पाहावीं तर बहुतेक एका मार्गिकेचीं, सुमारें १८० आसनांचीं. मोठें विमान नागपुरास औषधोपचारासाठीं येतें आणि बरें झालें कीं रिकामें निघून जातें.

नागपुराची कथा आणखीहि एका कारणानें मनन करण्याजोगी आहे. १९४९ सालीं रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हां दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, पोत्यांची अदलाबदल करीत आणि पहांटेपूर्वीं आपापल्या वाटेनें परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा तो खरा मान होता. पुढें मिहानची कल्पना निघाली तीहि याच भूगोलावर उभी राहिली. पण दरम्यान विमानांचा पल्ला वाढत गेला होता. ज्याला दिल्लीहून मद्रासेस एका झेंपेंत जातां येतें त्याला मध्यें टेकण्याची गरज काय? मध्यावर असणारें गांव मग पुष्कळदां वरून ओलांडलें जातें. आणि राजुरा तर नागपुराच्याहि आडोशास आहे.

याला अपवाद नाहींत असें नव्हे. केरळांतील कोझिकोड हें कांहीं मुंबईच्या तोडीचें शहर नाहीं, आणि त्याचा विमानतळ तर टेंकडीच्या माथ्यावर, दोन्ही टोकांस उतार असलेला. तरी आखाती देशांतून मोठीं, रुंद धडाचीं विमानें तेथें येत असत. कारण मलबारांतील घराघरांतला एखादा तरी माणूस अरबस्तानांत नोकरीस होता. तेथें गर्दी आधीं होती, धावपट्टी तिच्यामागून तोकडी पडत गेली. २०२० च्या ऑगस्टांत तेथें एका मध्यम आकाराच्या विमानाचा भीषण अपघात झाला, आणि त्यानंतर मोठ्या विमानांना तेथें मनाई झाली. राजुऱ्यांतून असा माणसांचा लोंढा कोणत्या देशाकडे वाहतो? निदान मला तरी तो दिसत नाहीं.

गर्दी नसतां पट्टी आधीं बांधली म्हणजे काय होतें, त्याचा दाखला स्पेन देशानें दिला आहे. माद्रिदच्या दक्षिणेस स्यूदाद रेआल नांवाचें पाऊण लाख वस्तीचें शहर आहे. तेथें चार किलोमीटरांहून लांब धावपट्टीचा, ए-३८० उतरूं शकेल असा विमानतळ २००८ च्या अखेरीस उघडला. वेगवान रेल्वे जवळून जाते, तेव्हां माद्रिदचेच उतारू इकडे येतील असा हिशेब होता. ते आले नाहींत. २०१२ सालीं विमानतळास कुलूप लागलें, आणि कोट्यवधींच्या त्या वास्तूवर पुढें लिलावांत एका कंपनीनें अवघ्या दहा हजार युरोंची बोली लाविली! ती मान्य झाली नाहीं, हा भाग निराळा. फ्रान्समधील लूर्द या यात्रेच्या गांवाजवळच्या लहानशा विमानतळावर मात्र ए-३८० खरोखरच येऊन राहिलीं. पण तीं मोडीत काढण्यासाठीं.

मोठ्या विमानाचा पाहुणचारहि साधा नसतो. नुसती लांबी पुरत नाहीं. पट्टी जाड हवी, रुंद हवी, विमानें हलविण्याच्या वाटांमध्यें अंतर हवें, आग विझविणारें पथक त्याच मापाचें हवें. दिवसांतून एकदां येणाऱ्या पाहुण्यासाठीं हा सगळा सरंजाम तेवीस तास नुसता बसून राहतो. दारीं हत्ती झुलावा ही हौस समजण्यासारखी आहे. चाऱ्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

राजुऱ्यास तर हा हिशेब पैशांत मांडून भागत नाहीं. येथें धावपट्टीचें माप जंगलांत मोजावें लागतें. पट्टी व तिच्या दोन्ही अंगांची मोकळी जागा मिळून तीनशें मीटर रुंदी धरली, तर एक किलोमीटर वाढीव लांबीस तीस हेक्टर, म्हणजे सुमारें पंचाहत्तर एकर जमीन जाते. त्यांत चंद्रपूरचा उन्हाळा ४६ अंशांच्या वर चढणारा. तापलेली हवा विरळ होते, पंखांना तिचा आधार कमी मिळतो, म्हणून तेंच विमान मे महिन्यांतल्या दुपारीं अधिक लांब धांवल्यावांचून उठत नाहीं. म्हणजे मोठ्या विमानाची इच्छा धरली कीं जंगलावरची मागणी आपोआप दुप्पट होते. आणि हें जंगल नुसतें सरपणाचें नव्हे. ताडोब्याकडून तेलंगणांतील कवाल अभयारण्याकडे जाणारी वाघांची वाट याच बाजूनें जाते. राजुरा व विरूरच्या रानांत अनेक माणसांचे बळी घेणारा एक वाघ २०२० सालीं पकडावा लागला, हें तेथील लोक विसरलेले नाहींत. वाघाची वाट अडली तर तो शेतांतून वाट काढतो, आणि त्याची किंमत कापूस वेंचणाऱ्या बाईला द्यावी लागते. मूर्तीची योजना वनजमिनीच्या परवानगीपाशीं अडखळली ती उगीच नव्हे.

मग राजुऱ्यानें विमानाचें नांवच घेऊं नये काय? असें मी म्हणणार नाहीं. खाणी, सिमेंट, कागद व वीज यांच्या कामासाठीं मुंबईकडे धांवणारे लोक या भागांत आहेत, हैदराबादेस जाणारे रोगी आहेत, पुण्यास शिकणारीं मुलें आहेत. त्यांना मोठें विमान नको आहे. सकाळीं जाऊन रात्रीं घरीं परततां यावें एवढेंच हवें आहे. अमरावतीस १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईची विमानसेवा सुरू झाली ती ७०-७२ आसनांच्या ए.टी.आर. विमानानें, १,८५० मीटरांच्या पट्टीवरून. हें माप विदर्भाच्या अंगास बसण्याजोगें आहे.

तेंहि भरतांना धाप लागते, हें मात्र लपवून ठेवूं नये. गोंदियाजवळ बिरसी येथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळची धावपट्टी आहे. तेथून २०२२ च्या मार्चांत सुरू झालेली सेवा कांहीं महिन्यांतच बंद पडली, व पुढें २०२३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या कंपनीनें ती नव्यानें धरली. ‘उडान’ योजनेंत सरकार तोट्याचा कांहीं भाग तीन वर्षें भरून देतें; तरी महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणें पहिल्या फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकीं ४०३ सुरूच झाले नाहींत, आणि सुरू झालेल्या ३७१ पैकीं तीन वर्षें पुरीं केलीं तीं ११२ मार्गांनीं. सत्तर आसनांची ही अवस्था, तर पांचशें आसनांची कथा काय!

शिवाय बल्लारशा हें दिल्ली-मद्रास लोहमार्गावरचें मोठें स्थानक राजुऱ्याच्या दाराशींच आहे. रात्रीं गाडींत निजून सकाळीं उतरणाऱ्या माणसाला विमानांत बसवावयाचें, तर त्याचा वेळ खरोखर वांचला पाहिजे. म्हणून मूर्तीचा नकाशा पुन्हां उघडला जाईल त्या दिवशीं पट्टी किती लांब हें विचारण्याआधीं सोमवारीं सकाळीं सहा वाजतां मुंबईस जाणारे सत्तर लोक कोण, आणि मंगळवारचे सत्तर कोण, याची यादी करावी. बल्लारपूर, गडचांदूर, राजुरा व चंद्रपूर येथील कारखाने, दवाखाने व कचेऱ्या यांच्याकडून ती महिन्याभरांत जमा करतां येईल.