नोंद नीट असेल तर ग्रंथ सापडेल

शिर्डीच्या साईबाबांना वाहिलेले 'श्री साईलीला' हे मासिक 1923 साली सुरू झाले. त्याचा जुना अंक अभ्यासकाला हवा असेल, तर तो कोणत्या ग्रंथालयात आहे हे आधी कळले पाहिजे. ग्रंथालयांच्या डिजिटल सहकार्याचे खरे काम इथेच आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय बहुतांशी ग्रंथांच्या नोंदी ठेवते आणि वाचकाला मूळ संग्रहाकडे पाठवते. साईसच्चरित या साईबाबांच्या चरित्रग्रंथाचा कर्ता एका ग्रंथालयाने 'दाभोलकर, गोविंद रघुनाथ' असा नोंदवला आणि दुसऱ्याने नुसता 'हेमाडपंत', तर शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच लागते. स्कॅनरपेक्षा आधी गरज आहे ती सामायिक नोंदपद्धतीची.

सहकार्याचा दुसरा भाग म्हणजे एकत्र खरेदी; तिचा फायदा आता सिद्ध करायला नको. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना मिळतात. यात गावच्या वाचनालयाला काय, हा आक्षेप रास्त आहे. ही योजना त्याच्यासाठी नाहीच. पण राज्याच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालील आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वतःचे जुने मराठी संग्रह जोडता येतील. कॉपीराइटची भीती दाखवली जाते. तो लेखकाच्या निधनानंतर साधारण 60 वर्षे टिकतो. दाभोलकर 1929 साली गेले, त्यांचा ग्रंथ केव्हाच सर्वांचा झाला आहे. अशा ग्रंथांपासून शिर्डी परिसरातल्या राहाता, कोपरगाव, संगमनेरच्या ग्रंथालयांनी मिळून सुरुवात करावी.