भांडवलामागची राजसत्ता



व्यापारासाठी आलेली कंपनी राज्यकर्ती कशी होते, हे या देशाला नव्याने शिकवावे लागत नाही. आज चित्र उलटे आहे. आता राजसत्ताच कंपनीचा वेष घेऊन बाजारात उतरते आणि परदेशातील खासगी उद्योगांचे भाग खरेदी करते. सामान्य गुंतवणूकदार नफा पाहतो. सरकार नफ्याच्या पलीकडचेही पाहू शकते. म्हणूनच अशा गुंतवणुकीसाठी वेगळ्या कायद्याची गरज भासते.

२००६ साली दुबई सरकारच्या मालकीच्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. या एकाच व्यवहारामुळे न्यूयॉर्क, बाल्टिमोर आदी अमेरिकी बंदरांतील कामकाज आणि आपल्या न्हावाशेवा येथील एक कंटेनर टर्मिनल दुबईच्या हाती जाणार होते. अध्यक्ष बुश यांच्या प्रशासनाने मान्यता दिलेली असूनही अमेरिकी संसदेत प्रखर विरोध झाला. अखेर कंपनीने तेथील कामकाज विकले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा कडक केला. खरेदीदार परकीय सरकारच्या नियंत्रणाखाली असेल, तर सामान्यतः सखोल चौकशी करावी, असे ठरले. न्हावाशेवाचे टर्मिनल मात्र नव्या मालकाकडे गेले आणि मालाची वाहतूक पूर्ववत चालू राहिली. प्रत्येक परकीय सरकार शत्रू नसते, हा यातला एक धडा. पण राष्ट्राची सुरक्षा मालकाच्या सदिच्छेवर सोपवता येत नाही, हा दुसरा.

भारताला याची तीव्र जाणीव २०२० साली झाली. कोरोनाच्या संकटात समभागांचे भाव कोसळले असताना मुंबईच्या एचडीएफसी या तत्कालीन गृहवित्त संस्थेतील चीनच्या मध्यवर्ती बँकेचा हिस्सा १.०१ टक्क्यावर गेल्याचे उघड झाले. हिस्सा लहान होता. पण चंचुप्रवेश लहानच असतो. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने नियम बदलला. ज्या देशांची सीमा भारताला लागून आहे, तेथील गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. पैसा तिसऱ्या देशातून आला, तरी अंतिम लाभधारक कोण हे पाहिले जाऊ लागले.

या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर कंपनीने जानेवारी २०२० मध्ये केला होता. ही सरकारी कंपनी नव्हे. परंतु चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्यानुसार तेथील प्रत्येक संस्थेला शासनाच्या हेरकार्यात साहाय्य करावे लागते. तेव्हा खासगी आणि सरकारी ही सीमारेषा तिथे पुसटच राहते. परवानगी मिळाली नाही आणि २०२२ साली करार संपुष्टात आला. दरम्यान, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबले होते. तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला, तो ऑगस्ट २०२३ मध्ये. मधल्या काळाची झळ कामगारांच्या घरांना बसली.

कायदा नसावा, असा याचा अर्थ नव्हे. नकार द्यायचा असेल तर तो वेळेत आणि कारणांसह दिला जावा, एवढाच त्याचा अर्थ. उंबरठ्यावर पाहुण्याची चौकशी करणे हा घरधन्याचा अधिकारच आहे. मात्र त्याला वर्षानुवर्षे दाराबाहेर तिष्ठत ठेवण्यात ना सुरक्षा आहे, ना सामर्थ्य. राष्ट्रहिताचे रक्षण करणारा कायदा कठोर असावाच. पण त्याचा भार एकट्या श्रमिकाच्या खांद्यावर पडू नये, याची काळजीही त्याच राष्ट्रहिताचा भाग आहे.