घड्याळाचें अंतर आणि रस्त्याचें अंतर

मॅरेथॉनची शर्यत संपल्यावर अंतिम रेषेपलीकडे घामानें निथळणाऱ्या मंडळींचा जो घोळका जमतो, त्यांत पाण्याच्या बाटलीनंतर पहिली दृष्टि जाते ती मनगटाकडे. एकाचें घड्याळ ४२.५ किलोमीटर दाखवितें, दुसऱ्याचें ४२.७, तिसऱ्याचें ४२.९, आणि शर्यत तर ४२.१९५ किलोमीटरांची! तेथल्या तेथें निकाल दिला जातो कीं, आयोजकांनीं मार्गच लांब आंखला. धांवणाऱ्यांच्या मनगटावर उपग्रहांशीं संधान बांधणारें घड्याळ आलें तें २००३ च्या सुमारास आणि मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली ती २००४ सालीं. तेव्हां मुंबईपुरतें बोलावयाचें तर ही तक्रार आणि ती शर्यत एकाच वयाच्या आहेत असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा निकाल बहुतेक वेळां चुकीचा असतो. मार्ग मोजण्याचें मान्य साधन आजही सायकल हेंच आहे, हें ऐकून उपग्रहांच्या युगांतील मनुष्यास कदाचित् हंसूं येईल. सायकलच्या पुढील चाकाला जोन्स काउंटर नांवाचें एक लहानसें गणकयंत्र बसवितात. प्रथम पोलादी टेपनें तीनशें मीटर किंवा त्याहून अधिक लांबीचें सरळ अंतर बिनचूक आंखून घेतात, त्यावरून सायकल अनेकदां चालवितात, आणि तेवढ्या अंतरास यंत्राचे किती आंकडे पडतात तें टिपतात. मग सबंध मार्ग मोजावयाचा. व तो मोजून झाल्यावर पुनः त्या सरळ अंतरावर येऊन आंकडे पडताळावयाचे, कारण ऊन चढलें कीं टायर फुगतें आणि चाकाचा घेर बदलतो. मोजणारा रस्त्याच्या मधून जात नाहीं. प्रत्येक वळणावर आंतील कडेपासून अवघें तीस सेंटिमीटर अंतर राखून, कायद्यानें जाववेल तितक्या जवळच्या वाटेनें तो जातो. शेवटीं हजारीं एक या प्रमाणांत अंतर मुद्दाम वाढवितात. मॅरेथॉनला ही वाढ सुमारें ४२ मीटरांची होते.

इतकी काळजी कां, याचें उत्तर न्यूयॉर्कनें दिलेलें आहे. तेथें १९८१ सालीं आल्बर्तो सालाझार २ तास ८ मिनिटें १३ सेकंदांत आला आणि जगाचा विक्रम झाला म्हणून गाजावाजा झाला. पुढें मार्ग नव्यानें मोजला तों तो सुमारें दीडशें मीटर आंखूड भरला. विक्रम गेला. धांवणाऱ्याचा त्यांत कांहींच अपराध नव्हता.

तेव्हां रस्ता आंखूड असण्याची भीति मोजणाऱ्यानें आधींच मिटविलेली असते. आणि ती जवळची वाट प्रत्यक्षांत कोणीच धांवत नाहीं. कोणी पाण्याच्या टेबलाकडे वळतो, कोणी गर्दींतून वाट काढतो, कोणी वळणाच्या बाहेरच्या बाजूनें जातो. चारशें मीटरांच्या मैदानांत पहिली पट्टी सोडून दुसरींतून धांवलें तर एका फेरीस सुमारें सात मीटर अधिक पडतात. घड्याळानें दाखविलेल्या वाढाव्यापैकीं कांहीं भाग असा खरोखरच पायांनीं तुडविलेला असतो.

उरलेला भाग मात्र कधींच कोणी तुडविलेला नसतो. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अत्यंत सूक्ष्म अशी वेळ प्रक्षेपित करतात. ती येण्यास लागलेल्या विलंबावरून घड्याळ आपलें स्थान ठरवितें. सेकंदाच्या अब्जांश भागांत प्रकाश तीस सेंटिमीटर जातो, एवढें सांगितलें म्हणजे काम किती नाजूक आहे हें ध्यानांत येईल. अमेरिकन सरकारच्या माहितीनुसार मोकळ्या आकाशाखालीं साध्या मोबाइलची चूक सामान्यतः ४.९ मीटरांच्या आंत राहते. शहर ओलांडणाऱ्यास एवढें पुरेसें आहे, परंतु घड्याळ अंतर मोजीत नाहीं. तें सेकंदासेकंदाला एक ठिपका काढतें आणि ठिपके जोडतें. सरळ रेघेवरचे ठिपके किंचित् डावीकडे, किंचित् उजवीकडे पडले, तर त्यांना जोडणारी रेघ नागमोडी होणार, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेहून लांबच असणार. पीटर रानाखर व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं हेंच गणितानें मांडून दाखविलें कीं, स्थानांतील चुका एकमेकींना खोडून काढतील ही आशा अंतराच्या बाबतींत व्यर्थ आहे. तीव्र वळणावर उलट प्रकार होतो. तेथें ठिपके कोपरा कापतात.

त्यांत उंच इमारती आल्या कीं गोंधळ वाढतो. सागरी सेतूवर आकाश मोकळें असतें. पेडर रोडवर मात्र संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेनें येतात आणि उपग्रह आहे त्याहून दूर भासतो. २०२२ पासून ॲपल व गार्मिनच्या कांहीं घड्याळांत दुसरी कंपनसंख्याही ऐकण्याची सोय झाली आहे. तिच्या संकेतांचे तुकडे दसपट आंखूड असल्यानें मूळ संदेश व त्याचा पडसाद वेगळे ओळखणें पुष्कळ सुकर होतें. दाम मात्र तसेंच मोजावें लागतें, आणि पाण्याच्या टेबलाकडील वळण तें घड्याळही सरळ करूं शकत नाहीं.

आतां चार तासांच्या आंत शर्यत पुरी करण्यासाठीं वर्षभर पहांटे उठलेल्या गृहस्थांचा विचार करावा. त्यांना किलोमीटरास ५ मिनिटें ४१ सेकंद ही गति हवी. घड्याळ ती गति दाखवीत आहे, म्हणून ते निश्चिंत आहेत. घड्याळाचे ४२.१९५ किलोमीटर ३ तास ५९ मिनिटें ४८ सेकंदांत भरतात. पण त्या घड्याळाचें अंतर शेवटीं ४२.७ होणार असेल, तर त्या क्षणीं अंतिम रेषा अजून अर्धा किलोमीटर दूर आहे! ते पोंचतात तेव्हां ४ तास २ मिनिटें ४१ सेकंद झालेले असतात. किलोमीटरामागें चार सेकंदांचा हा फरक आरंभींच कळता, तर भरून काढणें मुळींच अवघड नव्हतें.

जाणते धांवणारे म्हणून आपोआप पडणारी किलोमीटरची नोंद बंद ठेवतात, रस्त्यावरील फलक आला कीं स्वतःच्या बोटानें बटण दाबतात, आणि घड्याळापासून घड्याळाचेंच काम, म्हणजे वेळ सांगण्याचें, तेवढें घेतात. शिवाय मनगटाला कागदाची एक चिठ्ठी गुंडाळलेली असते. चार तासांच्या शर्यतीची ती चिठ्ठी अशी: पांच किलोमीटरच्या फलकाशीं २८ मिनिटें २६ सेकंद, दहाशीं ५६ मिनिटें ५३ सेकंद, अर्ध्या वाटेवर बरोबर दोन तास, तिसाशीं २ तास ५० मिनिटें ३८ सेकंद, आणि चाळिसाच्या फलकाशीं ३ तास ४७ मिनिटें ३१ सेकंद.